काकूंच्या खुब्याबद्दल

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

काकूंचे एक्स-रे आणि डेक्साचा, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट नीट पाहिला. खुब्याचा सांधा बदलायला हवा, यात दुमत नाही. पण 'सिमेंटशिवायचा आखूड स्टेमच बसवू, नवं तंत्र आहे, खर्च झाला तरी चालेल' हे तुझं वाक्य मला अस्वस्थ करून गेलं, म्हणून हे लिहितोय.

आखूड स्टेम, म्हणजे कृत्रिम सांध्याची मांडीच्या हाडात बसणारी छोटी दांडी, वाईट नाही. चाळिशीतल्या माणसाला तो मी स्वतः सुचवतो. हाड कमी कोरावं लागतं आणि पुढे कधी सांधा पुन्हा बदलायची वेळ आली, तर हाताशी हाड उरतं. मात्र स्टेम हाडात पक्का करणारं सिमेंट नसलं की तो मांडीच्या हाडात ठोकूनच घट्ट बसवावा लागतो. हाड त्याला धरून वाढायला काही आठवडे, कधी महिने जातात. तोवर सगळी भिस्त त्या घट्टपणावर. वाळक्या लाकडात पाचर मारली की चीर जाते, तसंच ठिसूळ हाडाचं. कधी ती ऑपरेशनच्या टेबलावरच जाते. कधी घरी चालायला लागल्यावर स्टेम जरासा खाली सरकतो, फिरतो आणि हाड फुटतं. पहिल्या तीन महिन्यांत हा धोका सर्वांत जास्त.

काकू ७४ वर्षांच्या, टी-स्कोअर (हाडाच्या घनतेचा आकडा) उणे ३.१, म्हणजे हाड बरंच ठिसूळ. हाडाची पोकळी रुंद, भिंती पातळ. अशा हाडात आखूड स्टेमला पकड मिळणार कुठे?

ब्रिटनमध्ये खुबा मोडलेल्या, साठीपुढच्या १,२२५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टेमभोवतीचं फ्रॅक्चर सिमेंटवाल्या गटात ०.५ टक्के, सिमेंटशिवायच्या गटात २.१ टक्के रुग्णांना झालं. तिथे अर्धाच सांधा बदलला होता, काकूंची झीज वेगळी. तरी म्हातारं हाड तेच. आणि आकडा लहान वाटला, तरी ज्याच्या वाट्याला येतं त्याला दुसरं मोठं ऑपरेशन, लांब स्टेम, तारा आणि पुन्हा महिनोन्महिने अंथरूण. या वयात ते फार जड जातं.

सिमेंटलाही जोखीम आहे. ते भरताना क्वचित रक्तदाब एकदम घसरतो, म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच सावध करायचं. काकूंचा इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आहे, हा मोठा दिलासा.

डॉक्टरांना सरळ विचार: 'हाड पाहता सिमेंटवाला स्टेम का नको?' कारण पटलं नाही, तर माझ्याशी बोलणं करून दे. आणि ठिसूळपणाचं औषध ऑपरेशननंतरही चालू राहील ना, तेही विचारायला विसरू नकोस.

काकूंना सा. न.

तुझा,
अविनाश