वेळापत्रकाची चित्रफीत कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावर परीक्षेच्या बदललेल्या वेळापत्रकाची बातमी आली, ती पावणेतीन मिनिटांच्या चित्रफितीच्या रूपात. मागे संगीत, पुढे निवेदिका आणि तिच्या शेजारी चार-चार सेकंद झळकून जाणाऱ्या विषयांच्या व तारखांच्या पाट्या. माझी भाची यंदा परीक्षेला बसते आहे, म्हणून आम्ही दोघे तारखा उतरवून घ्यायला बसलो. पण चित्रफीत थांबवली की ती पुन्हा सुरू करण्याचा त्रिकोण पडद्याच्या मधोमध उमटे आणि नेमकी तारीखच त्याच्याखाली दडे. अखेर "मामा, तू नुसता ऐक, मी लिहिते" असे म्हणून तिने पाकिटाच्या पाठीवर नऊ विषयांच्या तारखा टिपल्या. त्याला वीस मिनिटे लागली आणि त्यातली एक तारीख चुकली, हे दुसऱ्या दिवशी कळले. दोन रकान्यांचा साधा तक्ता दिला असता तर हे काम अर्ध्या मिनिटात झाले असते.

चित्रफितीशी माझे वैर नाही. त्याच आठवड्यात जुना पूल पाडतानाचे आपले चाळीस सेकंदांचे, निवेदनाविना दाखवलेले दृश्य मी तीनदा पाहिले. कमान आधी मधोमध खचते, मग दोन्हीकडचे खांब आत झुकतात आणि धूळ उठते ती सर्वांत शेवटी. हा क्रम लिहून सांगायला दोन परिच्छेद लागले असते आणि तरीही तो डोळ्यांपुढे उभा राहिला नसता. पूल पडण्याला आरंभ आणि शेवट असतो, त्यामुळे पाहणाऱ्याने कॅमेऱ्याच्या गतीने जाणे योग्यच आहे. वेळापत्रकात मात्र प्रत्येकाला फक्त आपली ओळ हवी असते, तीही पुन्हा पुन्हा तपासायची असते. वाचकाने बातमीचे पुढे काय करायचे आहे, एवढा एक प्रश्न वृत्तसंपादकांनी आधी विचारला असता तर साचा आपोआप ठरला असता. प्रत्यक्षात "आज चित्रफिती किती गेल्या?" हा प्रश्न आधी विचारला जात असावा, अशी मला शंका आहे.

जिथे 'कोठे' हाच बातमीचा गाभा असतो, तिथे नकाशाला पर्याय नसतो. पुराच्या बातमीत आपण पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे सलग अकरा परिच्छेदांत दिलीत, तेव्हा लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांची आठवण झाली. 1854 मध्ये सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे कॉलऱ्याने दगावली. स्नो यांनी प्रत्येक मृत्यूची खूण त्या त्या घरापाशी केली आणि बहुतेक खुणा पाण्याच्या एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. ही गोष्ट नकाशाची महती सांगताना नेहमी सांगितली जाते, पण तिचा दुसरा अर्धा भाग सहसा गाळला जातो. पंपाचा दांडा 8 सप्टेंबरला काढला गेला, तो स्नो यांनी आदल्या दिवशी स्थानिक मंडळापुढे केलेल्या तोंडी मांडणीवरून. नकाशा नंतर पुढे आला. शिवाय त्यांच्या हाती असलेल्या भक्कम पुराव्यांपैकी एक त्या नकाशावर मावणाराच नव्हता. पूर्वी त्या गल्लीत राहिलेली एक विधवा बाई दूरच्या हॅम्पस्टेडला राहायला गेली होती, पण त्या पंपाच्या पाण्याची चव तिला इतकी आवडे की रोज गाडीतून तिच्यासाठी ते पाणी जाई. ती कॉलऱ्याने गेली. तिला भेटायला येऊन तेच पाणी प्यायलेली तिची भाची इस्लिंग्टनला परतली आणि तीही गेली. नकाशावर हे दोन ठिपके कडेबाहेरचे, पंपाशी संबंध नसलेले वाटले असते. त्यांचा अर्थ लावायला चार वाक्येच लागतात. म्हणूनच पुराच्या बातमीतही गावांची नावे नकाशावर जावीत आणि कोणत्या गावात पाणी नदीकाठ नसतानाही का शिरले, ते मजकुरात यावे.

आवाजाचा विचार आपल्याकडे सर्वांत कमी होतो. मुलगा गमावलेल्या एका वडिलांची मुलाखत आपण छापलीत. त्यात दोन ठिकाणी कंसात 'थोडा वेळ शांतता' असे शब्द होते. मुलाखत ध्वनिमुद्रित केलेली होती, असे त्याच पानावर लिहिले होते. मग ती शांतता वाचकाला ऐकू का दिली नाही? अर्थात आवाजाची ताकद मोठी, तसा धोकाही मोठा. 6 मे 1937 रोजी अमेरिकेत लेकहर्स्टला 'हिंडेनबर्ग' हे हवाई जहाज जळाले, 36 माणसे मेली. नभोवाणीचे निवेदक हर्बर्ट मॉरिसन यांचे तेव्हाचे हुंदका फुटलेले वर्णन जगभर ओळखीचे आहे, पण ते थेट प्रसारित झालेले नव्हते. तबकडीवर मुद्रित झाले आणि दुसऱ्या दिवशी नभोवाणीवरून ऐकवले गेले. घटनेचे चित्रीकरण वेगळ्या लोकांनी केले होते. पुढे दोन्ही एकत्र जोडून दाखवले जाऊ लागले आणि ती एकाच वेळची, एकाच कॅमेऱ्यासोबतची नोंद असावी, असा समज रुजला. आपल्याकडे अपघाताच्या दृश्यावर दुसऱ्याच वेळचा आक्रोश चढवला जातो, तेव्हा निदान तशी सूचना पडद्यावर असावी.

निकालांच्या पानावरील आकडे फोडींत वाटून दाखवणारी तिरपी, जाडी दिलेली वर्तुळे (पाय-चार्ट) बंद करावीत, असेही सुचवतो. डोळ्यांना कोनांपेक्षा एकाच पट्टीवरच्या उंचीतला फरक अधिक अचूक कळतो, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्येच दाखवले आहे. तिरप्या वर्तुळात तर पुढची फोड उगीचच मोठी दिसते. उभे स्तंभ दिसायला साधे, पण ते फसवत नाहीत. मात्र त्यांची मोजणी शून्यापासून सुरू करावी.

घटना घडत असताना ताज्या नोंदी सर्वांत वर देण्याची पद्धत उपयोगी आहे, पण ती घटना संपेपर्यंतच. रात्री उशिरा पान उघडणाऱ्याला सर्वांत वर 'अधिकारी रवाना' एवढेच दिसते आणि मुळात झाले काय, हे कळायला साठ नोंदी खाली उतरावे लागते. चुकांच्या दुरुस्तीचाही विचार हवा. मजकुरातली चूक दुरुस्त करून खाली तशी टीप देता येते. चित्रफीत मात्र तोवर शेकडो मोबाइलवर पुढे गेलेली असते आणि दुरुस्ती तिच्या मागे धावू शकत नाही. ज्या बातमीतले आकडे अजून पक्के नाहीत, ती मजकुरातच ठेवणे त्यामुळे शहाणपणाचे.

शेवटची बाब माझ्या दृष्टिहीन मित्राची. त्याच्या मोबाइलमधले वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अक्षरे वाचते, पण आपण सूचनांचे चित्र करून टाकता तेव्हा ते फक्त 'प्रतिमा' एवढे म्हणून गप्प बसते. वेळापत्रकाच्या चित्रफितीतही निवेदिका तारखा उच्चारत नाही, "पडद्यावर पाहा" म्हणते.

ती चित्रफीत अजूनही संकेतस्थळावर आहे आणि परीक्षेला बरेच दिवस आहेत. तिच्याखाली नऊ ओळींचा तक्ता, अक्षरांत, आजच टाकता आला तर अनेकांची पाकिटे वाचतील.

आपला,
एक नियमित वाचक