सरकीच्या तेलाची तपासणी बाटलीत नको, गिरणीत करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किराणा दुकानात हल्ली तूरडाळीपासून सैंधवापर्यंत कशावरही ‘नॉन-जीएमओ’, म्हणजे जनुकीय बदल (जीएम) न केलेले, असा हिरवा शिक्का दिसतो. जीएम तुरीला आपल्याकडे लागवडीची परवानगीच नाही आणि मिठात तर डीएनए नसतोच. त्याच दुकानात सरकीचे तेल आणि त्यात तळलेले फरसाणही असते. त्यांच्या वेष्टनावर मात्र जीएमचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी कपाशीला, म्हणजे जीएम कपाशीला, 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातील कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आहे. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की सरकी गिरणीत जाते. तेल माणसांच्या पोटात जाते, ढेप गुरांच्या. शिवाय अर्जेंटिना आणि ब्राझीलहून येणारे सोयाबीन तेल आहेच, आणि तिथले जवळजवळ सगळे सोयाबीन जीएम असते. तरीही ‘भारतात जीएम अन्न नाही’ हे वाक्य अधिकारी आणि पुढारी बिनदिक्कत बोलतात. याची मला चीड येते.

मी अकोल्यात अनेक वर्षे जैवतंत्रज्ञान शिकवले. प्रात्यक्षिकात आम्ही सोयाबीनच्या पिठातून डीएनए काढायचो. थंडगार अल्कोहोल हळूच सोडले की नळीत पांढरे, कापसासारखे धागे तरंगू लागत. रिफाइंड तेलावर तीच कृती केली तर नळी कोरी राहते, कारण शुद्धीकरणाच्या उष्णतेत आणि गाळणीत डीएनएचे तुकडे होतात आणि बहुतेक निघून जातात. पीसीआर चाचणी एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढून देते खरी, पण मुळात तुकडाच उरला नसेल तर ती तरी काय दाखवणार? म्हणून रिफाइंड तेलात जीएम डीएनए सापडला तर तो पुरावा असतो, पण सापडला नाही म्हणजे तेल जीएम नाही असे मुळीच ठरत नाही.

उलट बाजूनेही फसगत होऊ शकते. प्रयोगशाळा आधी ‘35एस’ हा डीएनएचा तुकडा शोधतात, कारण तो अनेक जीएम पिकांत घातलेला असतो. पण तो मूळचा फुलकोबीवर रोग पाडणाऱ्या एका विषाणूचा आहे. रोगट कोबी पडलेली भाजी तपासली तर जीएम नसतानाही चाचणी ‘आहे’ म्हणते. नेमके कोणते जीएम वाण आहे ते दाखवणारी दुसरी चाचणी केल्याखेरीज अहवालावर सही होता कामा नये.

असे काम आपल्याकडे होऊ शकते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2018 मध्ये बाजारातले 65 पदार्थ तपासले आणि 21 मध्ये जीएम डीएनए सापडला. त्यात बहुतेक माल आयात केलेला होता, पण देशी सरकीचे तेलही होते. काही पाकिटांवर तर जीएम नसल्याचा दावा छापलेला होता. एका स्वयंसेवी संस्थेला जमले ते सरकारी यंत्रणेने नेमाने का करू नये?

कायदा तर आहे. अन्न सुरक्षा कायद्याचे कलम 22 मंजुरीविना जीएम अन्न विकू देत नाही. आयात होणाऱ्या 24 पिकांच्या मालासोबत 2021 पासून जीएम नसल्याचा दाखला लागतो आणि नकळत झालेल्या मिसळीला एक टक्क्याची मुभा आहे. पण दाखला म्हणजे कागद. त्याच वर्षी भारतातून युरोपात गेलेल्या सुमारे 500 टन तांदळाच्या कणीपासून तिकडे केलेल्या पिठात जीएम अंश सापडले. आपल्याकडे जीएम तांदळाची व्यावसायिक लागवड नाही, तेव्हा मिसळ तिकडेच झाली असावी, असे आपण सांगितले. निघतानाचा नमुना इथे तपासून जपून ठेवलेला असता तर अंदाजाने बोलावे लागले नसते.

माझे अन्न व औषध प्रशासनाला कळकळीचे सांगणे आहे की नमुने बाटलीतून नव्हे, डीएनए शाबूत असतो तिथून घ्यावेत: जिनिंगमधली सरकी, गिरणीतली ढेप, बंदरातले धान्य. सरकीच्या तेलावर ‘जीएम कपाशीपासून’ असे छापायला तर चाचणीचीही गरज नाही. चाचणी हवी ती चोर बीटीसाठी. तणनाशक सोसणाऱ्या या कपाशीला आजवर परवानगी नाही, तरी विदर्भात ती सर्रास पेरली जाते आणि तिची सरकी इतर सरकीसोबत त्याच घाण्यात पडते. शेतकऱ्याला चोर ठरवण्यासाठी ही तपासणी नको. तण काढायला मजूर मिळत नाहीत म्हणून तो हे बियाणे घेतो, हे मी रोज पाहते. पण त्या तेलाला आपल्याकडे मंजुरी मिळालेली नाही आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

अहवाल जिल्हावार जाहीर करावेत, चाचणीची पद्धत आणि मर्यादा यांसह. दिवाळीनंतर जिनिंग जोरात सुरू होतात. पहिले नमुने तेव्हाच घेता येतील.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, अकोला