‘अडथळा’ नेमका कोणाचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सॉफ्टबॉल सामन्यांच्या बातम्यांत कधी ‘अडथळा आणल्याने धावपटू बाद’ असे वाचायला मिळते, तर कधी ‘अडथळ्यामुळे धावपटूला पुढचा बेस’. शब्द एकच आणि निकाल उलटे. मैदानाबाहेर बसलेल्या पालकांनी यातून काय समजायचे? नियमपुस्तकात हे दोन स्वतंत्र नियम आहेत. बॅटिंग करणाऱ्या संघामुळे फिल्डरचे (क्षेत्ररक्षकाचे) काम बिघडले, तर तो इंटरफिअरन्स. हातात चेंडू नाही, फटकावलेला चेंडू उचलण्याच्या प्रयत्नातही नाही, असा फिल्डर रनरच्या, म्हणजे एका बेसवरून (टप्प्यावरून) पुढच्या बेसकडे धावणाऱ्या खेळाडूच्या, वाटेत आला, तर ते ऑब्स्ट्रक्शन. मैदानावर मुलेसुद्धा हेच शब्द बोलतात. बातमीतही तेच वापरावेत, कारण ‘अडथळा’ म्हटले की कोणी कोणाला अडवले हेच कळत नाही.

खरी वादावादी होते ती इंटरफिअरन्सवरून. रनर बाद दिला की त्याचा प्रशिक्षक हमखास म्हणतो, “त्याने मुद्दाम नाही केले.” ही सवय क्रिकेटने लावली आहे. तिथे क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल फलंदाजाला बाद द्यायचे, तर ती कृती हेतुपुरस्सर असावी लागते. सॉफ्टबॉलमध्ये पंच आधी पाहतात तो चेंडू फटकावलेला आहे की फेकलेला. फटकावलेला असेल, तर तो उचलणाऱ्या फिल्डरचा हक्क पहिला. त्याला वाट करून देणे ही रनरची जबाबदारी. तिथे हेतू विचारातच घेतला जात नाही.

नेहमी दिसणारा प्रसंग घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत. बॅटरने शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरकडे) सरपटता चेंडू मारला. शॉर्टस्टॉप ग्लोव्ह जमिनीला टेकवून, नजर चेंडूवर ठेवून दोन पावले पुढे आली आणि नेमकी त्याच क्षणी दुसऱ्या बेसवरची रनर तिच्या पुढ्यातून धावली. शॉर्टस्टॉप थबकली, चेंडू ग्लोव्हखालून निसटला. दोघींचा एकमेकींना स्पर्शही झालेला नाही. तरीही हा इंटरफिअरन्सच, कारण फिल्डरला थबकावे लागले. पंचांनी लगेच दोन्ही हात वर करून ‘डेड बॉल’ पुकारायला हवा. ती रनर बाद. बॅटरला पहिला बेस मिळतो आणि त्यामुळे जागा सोडावी लागणारी पहिल्या बेसवरची रनर दुसऱ्यावर जाते. तिसऱ्या बेसवर कोणी असती आणि त्या क्षणी होम प्लेटला, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे, पोहोचली नसती, तर ती तिसऱ्यावरच परतली असती. नंतर प्लेट ओलांडली तरी ती धाव धरली जात नाही. डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघी बाद) होऊ नये म्हणून रनर उघडउघड आडवी आली असेल, तर तिच्या लगेच मागची रनरही बाद होते.

अशा वेळी रनरने फिल्डरच्या पाठीमागून वळसा घालून जावे. ‘बेसलाइन सोडली म्हणून बाद’ ही भीती इथे निराधार आहे. दोन्ही बाजूंच्या ०.९१ मीटरची मर्यादा हातात चेंडू असलेल्या फिल्डरचा टॅग (चेंडू अंगाला लावून बाद करणे) चुकवण्यासाठी बाहेर पळणाऱ्याला आहे. चेंडू उचलणाऱ्याला वाट देण्यासाठी वळसा घेतला, तर कोणी बाद देऊ शकत नाही. हे मुलांना शिकवलेच जात नाही आणि ती सरळ फिल्डरच्या अंगावर धावतात. दोन बेसमध्ये अंतर जेमतेम १८.२९ मीटर, विचार करायला वेळ नसतो, त्यामुळे सरावातच पायाला वळण लागले पाहिजे.

फेकलेल्या चेंडूचा हिशेब वेगळा. दुसऱ्या बेसकडे धावणाऱ्या रनरच्या पाठीवर थ्रो आदळला, तर खेळ चालू राहतो. हात वर करून, खांदा घालून किंवा चेंडूच्या रेषेत सरकून तो अडवला, तरच रनर बाद.

फटकावलेला चेंडू बेसबाहेरच्या रनरला लागला, तर तो कोणाला ओलांडून आला हे पाहावे. पिचर (चेंडू टाकणारा) सोडून एकाही इनफिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) ओलांडण्याआधी लागला, तर रनर बाद. इनफिल्डरच्या बाजूने निघून गेल्यावर लागला आणि मागे दुसऱ्या इनफिल्डरला संधी नव्हती, तर खेळ चालू. पिचरच्या ग्लोव्हला लागून दिशा बदललेला चेंडू टाळता आला नाही, तरीही रनर सुरक्षित. बेसवर पाय ठेवून उभ्या असलेल्या रनरला, त्याने मुद्दाम काही केले नसेल तर, बाद देता येत नाही.

बंट (बॅट न फिरवता चेंडू हळूच ढकलणे) झाल्यावर पहिल्या बेसकडे पळताना होणारी चूक मैदान आखणाऱ्यापासून सुरू होते. होम प्लेट ते पहिला बेस या अंतराच्या दुसऱ्या निम्म्यात ०.९१ मीटर रुंदीचा पट्टा फाउल बाजूला (रेषेच्या बाहेरच्या बाजूला) आखायचा असतो. बॅटरने त्यातून धावायचे. पट्ट्याबाहेर धावून त्याने पहिल्या बेसवर थ्रो घेणाऱ्या फिल्डरला अडवले, तर तो बाद. नुसते बाहेर धावणे हा गुन्हा नाही. थ्रोच झाला नाही, तर बाद कशाचा? पण अनेक शालेय मैदानांवर फक्कीची ही रेघच नसते. मग पंच अंदाजाने निर्णय देतात आणि भांडण पेटते. पहिल्या बेसला जोडलेला रंगीत सेफ्टी बेस (धावणाऱ्यासाठीचा वेगळा बेस) असेल तर धडका बऱ्याच टळतात, तोही सगळीकडे नसतो.

ऑब्स्ट्रक्शनच्या वेळी पंच डावा हात आडवा ताठ धरतात आणि खेळ चालू ठेवतात. अडवणूक झाली नसती तर रनर जिथे पोहोचला असता, तो बेस नंतर देतात. ही खूण ओळखता येत नसल्याने ‘पंच गप्प का?’ अशी ओरड होते.

दाद मागण्याबाबत प्रशिक्षकांना एक सूचना. ‘रनर मध्ये आलाच नव्हता’ हा मुद्दा पंचांच्या नजरेचा, त्यावर प्रोटेस्ट (अधिकृत हरकत) चालत नाही. ‘इंटरफिअरन्स दिला, पण बॅटरला पहिला बेस दिला नाही’ हा मुद्दा नियमाचा, त्यावर चालतो. मात्र पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी तो मुख्य पंचांना सांगावा लागतो. सामना संपल्यावर लिहून दिलेल्या कागदाचा उपयोग नाही.

वार्ताहरांनी अशा प्रसंगी पंचांना तीन गोष्टी विचाराव्यात: चेंडू फटकावलेला होता की फेकलेला, बाद कोण झाले आणि बाकीचे रनर कुठे ठेवले. तेवढे छापून आले, तरी दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मुलांना निकाल समजावून सांगता येईल.

आपले,
सॉफ्टबॉलचे काही पंच व क्रीडाशिक्षक