डोंगराच्या पायथ्याहून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू परत गेलास आणि चौथ्या दिवशी तुझा मेसेज आला, "तिथेच घर बघू का?" वाचून फार आनंद झाला. पण त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तू दोन दिवस डोंगर डोळे भरून पाहिलास. इथे राहायला लागलं की तो आपली दिनचर्याच ठरवतो. आमच्या पश्चिमेला उभा कडा, त्यामुळे सूर्य लवकर आड जातो. वर आभाळ लख्ख आणि खाली गच्चीवर सावली, असा तासभर जातो आणि मग खरा अंधार पडतो. रोज दोन संध्याकाळी मिळतात म्हण ना! कामावरून लवकर सुटलो की मी त्या पहिल्या संध्याकाळीसाठी धावत घरी येतो.

हिवाळ्याचं मात्र नीट ऐक. रात्री उतारावरची हवा गार होते, जड होते आणि खाली सरकून खोलगट भागात साचते. म्हणून ओढ्याकाठची घरं चढावरच्या घरांपेक्षा जास्त गारठतात. वर उबदार हवेचा थर बसला की गाड्यांचा धूरही खालीच कोंडतो. अशा सकाळी टेकडीवर गेलं की ऊन असतं आणि शहर करड्या झाकणाखाली दिसतं. आईंचा दमा लक्षात घेता हे तुला आधीच सांगायला हवं.

तुला ती अगदी वरची, घरांची शेवटची ओळ आवडली होती. तिथे मी घेऊ देणार नाही. डोंगर कापून सपाट केलेली जागा आहे ती. मागच्या संरक्षक भिंतीत पाणी निघायला ठेवलेली भोकं बुजलेली मी स्वतः पाहिली. मुरलेलं पाणी अडलं की त्याचा सगळा दाब भिंतीवर येतो. वरची झाडं बुंध्यापासून खाली कललेली आहेत, म्हणजे माती हळूहळू सरकत असावी.

अमेरिकेतल्या बोल्डर शहराचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आहे ते. 1959 मध्ये तिथल्या मतदारांनी ठरवलं, समुद्रसपाटीपासून 5,750 फुटांच्या वर शहराचं पाणी द्यायचं नाही. पाणी नाही, तर वस्ती वर चढणार कशी? पुढे 1967 मध्ये मोकळी जमीन विकत घेऊन राखण्यासाठी त्यांनी स्वतःवर विक्रीकरही लावून घेतला. आमच्याकडे अशी रेघ कुणी ओढलेली नाही. दरवर्षी दिवे थोडे वर सरकलेले दिसतात आणि जीव तुटतो.

तरी ये. फक्त या वेळी सुट्टीच्या दिवशी येऊ नकोस, त्या दिवशी रस्ते पाहुण्यांच्या गाड्यांनी तुंबतात. भर पावसाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी ये. डोंगराला अडून वर चढणारी दमट हवा पसरत गार होत जाते, तिचे ढग होतात आणि ते आमच्या बाजूलाच रिते होतात. तो पाऊस चार दिवस सोसून बघ. मग मधल्या आळीतली दोन घरं दाखवतो, दोन्हींच्या स्वयंपाकघरातून कडा दिसतो.

आईंना नमस्कार. मागची खोली तुझ्यासाठी आवरून ठेवली आहे.

तुझाच,
मित्र