मुलांना नोट्सच का हव्या असतात?

महोदय,

सत्र संपत आले की महाविद्यालयांत फीडबॅक फॉर्म भरून घेतात. 'कोणती अध्यापनपद्धती आवडते?' या प्रश्नापुढे बहुतेक मुले व्याख्यानावर खूण करतात आणि सूचनांच्या रकान्यात लिहितात, 'सर, नोट्स द्या, आयएमपी सांगा.' त्यावरून बैठकीत ठरून जाते की आपल्या मुलांना गटचर्चा नकोच. तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मला हे मुलांवर अन्याय करणारे वाटते.

प्रथम वर्षाच्या वर्गात मी विचारतो, सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच पोहोचला, त्या क्षणी त्याचे त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? बहुतेक हात 'शून्य'साठी वर जातात. उत्तर न सांगता 'शेजाऱ्याशी बोला' म्हटले की वर्गात कल्ला होतो. एरवी तोंड न उघडणारी एखादी मुलगी मैत्रिणीला म्हणते, 'अगं, वेग शून्य आणि त्वरणही शून्य, तर तो वरच लटकून राहील की!' पुन्हा हात वर करायला लावले की बरेच जण बाजू बदललेले असतात. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून हीच पद्धत रुजवली.

त्याच हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गटात स्वतः प्रश्न सोडवणाऱ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते! ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते, स्वतः डोके चालवताना ठेचा लागतात. तेव्हा नुसत्या आवडीवरून पद्धत ठरवणे धोक्याचे आहे.

आमच्या मुलांपुढे तर परीक्षाही असते. गेल्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ केल्या की पास होता येते, हे त्यांना ठाऊक आहे. दुपारची एसटी गाठायची, संध्याकाळी दुकानात कामाला जायचे, अशा मुलाने नोट्स मागितल्या तर त्याचे काय चुकले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून श्रेयांकांची (क्रेडिट्सची) चर्चा खूप झाली. आता विद्यापीठांनी प्रत्येक पेपरात निदान वीस गुणांचे तरी अनोळखी, विचार करायला लावणारे प्रश्न घालावेत. आणि शासनाने तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्यांच्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणाऱ्या शिक्षकाने शंभर मुलांच्या वर्गात चर्चा घडवायची कधी?

– भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक, सातारा जिल्हा