मंत्रिमहोदय, डिस्चार्ज कार्डावर मीटिंगचा वार आणि वेळ लिहा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

दारूमुळे जिल्हा रुग्णालयात भरती झालेला माणूस घरी निघतो, तेव्हा त्याच्या कार्डावर व्हिटॅमिनच्या गोळ्या असतात, पुढची तारीख असते आणि खाली एक ओळ असते : ‘मद्यपान टाळावे’. इतकी वर्षं संध्याकाळी सातला पाय गुत्त्याकडे वळायचे. आजपासून त्या वेळी जायचं कुठे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. हे पत्र त्या सातच्या वेळेबद्दल आहे.

जायला जागा आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., अमेरिकेत १९३५ साली सुरू झालं आणि १९५७ पासून भारतात आहे. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं मीटिंगला, बहुधा शाळेच्या वर्गात, एकत्र बसतात आणि एकमेकांना आधार देतात. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. घरच्यांसाठी अल-अॅनॉनचे गट आहेत. पुण्याच्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रं उपचारानंतर पाठपुरावा करतात. तरीही केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते.

आधी एक सावधगिरी. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून बंद कर आणि मीटिंगला जा’ असं थेट सांगू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर, गरज असेल तर भरती, व्हिटॅमिन बी-१ चं इंजेक्शन. मीटिंग त्याच्या जोडीने. आणि नवऱ्याच्या जेवणात दारू सोडवण्याची गोळी चोरून घालू नका, हे प्रत्येक बाईला स्पष्ट सांगायला हवं. त्या गोळीवर तो प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो.

आता साखळी तुटते कुठे ते सांगतो. वॉर्डात मीटिंगची एखादी यादी चिकटवलेली असते, पण तिच्यातला गट कधीच दुसऱ्या शाळेत गेलेला असतो. माणूस धीर करून पोचतो, कुलूप बघतो आणि परत फिरतो. दुसऱ्यांदा सहसा तो येत नाही. म्हणून यादी दर तीन महिन्यांनी फोन करून तपासली जावी आणि तपासल्याची तारीख तिच्यावरच लिहावी. गटाचं नाव, वार, वेळ, शाळेचं कोणतं दार, कितवा मजला, खुली मीटिंग की बंद, भाषा कोणती, हे सगळं त्यात हवं. खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, आशाताई कोणीही बसू शकतं. बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांची असते. हा फरक माहीत नसल्याने सोबत आलेल्या बायकोला दाराबाहेर थांबावं लागतं.

तालुक्याच्या गावी शेवटच्या एसटीची वेळही लिहा. मीटिंग सात ते साडेआठ आणि शेवटची गाडी आठची, म्हणजे तो येणारच नाही. नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात. तालुक्यात आठवड्याला एकच मीटिंग असेल, तर आजूबाजूच्या गावांतले वारही त्याच कार्डावर हवेत.

यादीपेक्षाही उपयोगी पडतो तो एक फोन. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी समुपदेशकाने रुग्णाच्या परवानगीने, त्याच्या खाटेशेजारी बसून, गटातल्या सदस्याला फोन लावावा आणि दोघांना बोलू द्यावं. ‘उद्या साडेसहाला गेटपाशी उभा राहतो’ हे वाक्य त्याने कानाने ऐकलं, तर तो जातो. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर कार्डावर छापाच, पण त्यावर थांबू नका. पिणाऱ्या बाईला पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने शिरणं फार अवघड जातं. तिचा फोन एखाद्या महिला सदस्याशीच जोडून द्यावा.

आम्ही पैसे मागत नाही. ए.ए. बाहेरून देणगी घेत नाही, सरकारी अनुदानही नाही. मीटिंगमध्ये पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यातून चहा आणि खोलीचं भाडं भागतं. लागते ती खोली. दुसरीच्या वर्गातल्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन मोठी माणसं दीड तास बसतात, समोर फळ्यावर सकाळचे पाढे तसेच असतात; त्यांची तक्रार नसते. अडचण येते ती मुख्याध्यापक बदलले की परवानगी संपते म्हणून. आपण शालेय शिक्षणमंत्र्यांशी बोलून जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळांसाठी एक परिपत्रक काढावं : ठरलेल्या संध्याकाळी एक वर्ग, माफक भाडं, वर्षभराची लेखी परवानगी.

त्याच परिपत्रकात हेही असावं की तिथे हजेरीपट नको, आधार नको आणि अहवालासाठी मोबाइलवर फोटो तर नकोच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत दारूमुळे होणारे मानसिक विकारही येतात आणि कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. मीटिंगला तो कायदा लागू असो-नसो, नियम तोच पाळावा. जनजागृतीच्या उत्साहात काढलेला एक फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला, की पुढच्या आठवड्यात निम्मे बाक रिकामे राहतात.

आणि सुट्ट्या. गटारी, ३१ डिसेंबर, गावची जत्रा, लग्नसराई हे घसरण्याचे दिवस. दिवाळीत आणि मे महिन्यात, नेमकी गरज असते तेव्हाच, शाळा बंद होतात आणि शिपाई गावी जातो. त्या दिवसांत वर्गाची चावी कोणत्या हुद्द्याच्या माणसाकडे राहील, एवढी एक ओळ परिपत्रकात कृपया विसरू नका.

आपले,
व्यसनमुक्तीच्या कामातले समुपदेशक आणि कार्यकर्ते