नव्या गाडीचा एसी हाताने चाचपून नव्हे, मोजून तपासा

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

एप्रिल उजाडला की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा 45 अंशांकडे सरकू लागतो आणि गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एसीच्या तक्रारींची रांग लागते. या रांगेत जुन्या गाड्या असणे समजण्यासारखे आहे. परंतु अवघ्या काही महिन्यांपूर्वी शोरूममधून आलेल्या, पहिली सर्व्हिसिंगही न झालेल्या गाड्या त्यात दिसतात, ही चिंतेची बाब आहे. त्याहून चिंतेचे आहे ते तिथे मिळणारे उत्तर. “या मॉडेलला असंच असतं”, “गाडी थोडी चालू द्या, सेट होईल” किंवा “गॅस टॉप-अप करून देतो”, यांपैकी एखादे वाक्य ऐकवून ग्राहकाची बोळवण केली जाते. सर्व्हिस सेंटरचा सल्लागार डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीसमोर हात धरतो, “थंड आहे की” म्हणतो आणि जॉब कार्डवर (तक्रार आणि केलेले काम नोंदवण्याच्या कागदावर) ‘तपासले, ठीक आहे’ असा शेरा पडतो. एसी कमी थंड करतो किंवा आवाज करतो, ही तक्रार मोजता येणारी आहे. ती मोजलीच पाहिजे आणि मोजलेले आकडे ग्राहकाच्या हाती लेखी पडलेच पाहिजेत, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मुळात गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुढे जाताना त्याचा दाब एकदम उतरतो, डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये तो केबिनमधली उष्णता शोषून घेतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. हे बंद चक्र आहे. रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षांत अगदी थोडा गॅस झिरपतो हे खरे. पण नव्या गाडीत सहा महिन्यांत गॅस कमी झाला असेल, तर एक तर कुठेतरी गळती आहे किंवा कारखान्यातच तो कमी भरला गेला आहे. दोन्ही परिस्थितींत नुसता गॅस भरून देणे ही दुरुस्ती नव्हे. लहान गाडीत हा गॅस जेमतेम अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी असतो, त्यामुळे शंभर-दीडशे ग्रॅमची तूटसुद्धा भर दुपारी लगेच जाणवते.

माझ्या धाकट्या बहिणीने पाडव्याला घेतलेल्या गाडीचा अनुभव येथे नोंदवतो. सकाळी एसी बरा चालायचा. दुपारी सिग्नलवर गाडी उभी राहिली की जाळीतून नुसता वारा यायचा आणि डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने टिकटिक ऐकू यायची. विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरने दर वेळी ‘ठीक आहे’ असा शेरा मारून गाडी परत दिली. शेवटी त्याच कंपनीच्या दुसऱ्या केंद्रातील एका तरुण तंत्रज्ञाने पहिल्यांदा थर्मामीटरची सळई मधल्या जाळीत खोचली. इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू), बाहेर 42 अंश आणि जाळीत 21. त्याने मशीन लावून चक्रातला सगळा गॅस काढून घेतला, तेव्हा काट्यावर 310 ग्रॅम आले. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर मात्र 450 ग्रॅम लिहिलेले होते. रंगद्रव्य सोडून अतिनील टॉर्च फिरवला तेव्हा कंडेन्सरला नळी जोडतात त्या जोडावर पोपटी रेघ चमकली. जोड उघडल्यावर आतली ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) एका बाजूने चिमटलेली निघाली. हे नुकसान बसवणीच्या वेळी झाले होते, त्यात चालवणाऱ्याचा काहीही दोष नव्हता. ओ-रिंग बदलून, नायट्रोजनचा दाब टिकतो का ते पाहून, व्हॅक्यूम करून (आतली हवा ओढून घेऊन) आणि नेमका 450 ग्रॅम गॅस भरून पुन्हा मोजले, तेव्हा तितक्याच उन्हात जाळीत 11 अंश आले. या तंत्रज्ञाला यासाठी कोणतेही दुर्मीळ कौशल्य लागले नाही. लागली ती मोजण्याची सवय.

या प्रसंगातला तांत्रिक भाग वाचकांनी नीट लक्षात घ्यावा असे वाटते. बहुतेक ठिकाणी नुसते गेज (दाबमापक) लावून, एसी बंद असताना दाब पाहून, “गॅस फुल आहे” असे सांगितले जाते. चक्रात थोडासाही द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत बंद अवस्थेतला दाब हवेच्या तापमानावर ठरतो, गॅस किती आहे यावर नाही. म्हणून गॅसचे प्रमाण समजून घ्यायचे तर तो काढून वजन करण्यावाचून पर्याय नसतो. एसी चालू असतानाचे दोन्ही बाजूंचे, म्हणजे कॉम्प्रेसरच्या आधीचा कमी आणि नंतरचा जास्त, दाब मात्र बरेच काही सांगतात. दोन्ही कमी असतील तर बहुधा गॅस अपुरा आहे. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरला वारा मिळत नाही, पंखा फिरत नाही किंवा गॅस जास्त भरला गेला आहे. आणि कमी दाबाची बाजू चढलेली व जास्त दाबाची उतरलेली असेल तर संशय कॉम्प्रेसरवर किंवा त्याच्या नियंत्रण झडपेवर घ्यावा लागतो. प्रत्येक कंपनीच्या तांत्रिक पुस्तकात बाहेरचे तापमान व आर्द्रता यांच्यानुसार जाळीतले तापमान आणि दाब किती असावेत याचे तक्ते असतात. ‘या मॉडेलला असंच असतं’ म्हणणाऱ्या सल्लागाराने तो तक्ता उघडून दाखवावा. मग वाद उरणार नाही.

अर्थात प्रत्येक वेळी गाडीच सदोष असते असे नाही, आणि येथे कंपन्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. हल्ली अनेक गाड्यांत सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होते. पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याबरोबर थांबतो आणि ब्लोअर नुसती हवा फेकत राहतो. गोल बाणात ‘ए’ असे चिन्ह असलेले बटण दाबले की ही सोय तात्पुरती बंद होते, पण डिलिव्हरीच्या वेळी हार, पेढे आणि छायाचित्रे यांच्या गर्दीत हे कोणी सांगत नाही. इको मोडमध्ये काही गाड्या एसीची ताकद मुद्दाम कमी ठेवतात. कसारा किंवा आंबेनळी घाट चढताना लहान इंजिनावर जोर आला की संगणक काही क्षण कॉम्प्रेसर सोडून देतो. मागच्या सीटसाठी दिलेल्या जाळ्या बहुतेक गाड्यांत पुढच्याच कॉइलची हवा नळकांड्यातून मागे नेतात. तिथे स्वतंत्र कॉइल नसते, म्हणून मागचे प्रवासी तक्रार करतात. शिवाय कोकणातल्या दमट हवेत एसीची बरीच शक्ती हवेतले पाणी काढण्यात खर्ची पडते, तर विदर्भातल्या कोरड्या उन्हात सगळा ताण कंडेन्सरवर येतो. त्यामुळे एकाच गाडीबद्दल रत्नागिरीकर आणि चंद्रपूरकर वेगवेगळे बोलतील, आणि दोघेही खरे बोलत असतील.

आवाजाच्या बाबतीत ग्राहकाने आवाज कधी येतो हे सांगितले तर निम्मे निदान तिथेच होते. ब्लोअरचा वेग वाढवला की फडफड वाढत असेल, तर केबिन फिल्टरपाशी किंवा ब्लोअरच्या पंख्यात पान, कागद अथवा प्लास्टिक अडकलेले असू शकते. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या बाबतीत हे नेहमीचे आहे. गाडी सुरू करताना क्षणभर टिकटिक होणे स्वाभाविक आहे, कारण हवेच्या झडपा फिरवणाऱ्या लहान मोटारी आपली जागा तपासून घेतात. ती टिकटिक चालूच राहिली तर मोटारीच्या दात्यांत किंवा झडपेत बिघाड समजावा. बहिणीच्या गाडीतल्या टिकटिकीचे कारण तेच निघाले. हा बिघाड केवळ आवाजापुरता नसतो. थंड-गरम हवेची झडप पूर्ण मिटली नाही तर हीटरची गरम हवा थंड हवेत मिसळते आणि गॅस पुरेसा असूनही गारवा येत नाही. एसी बंद केल्यावर डॅशबोर्डमागून येणारा सुसकारा, बॉनेटमध्ये अधूनमधून होणारी खटखट आणि गाडीखाली ठिबकणारे पाणी मात्र निरोगी एसीची लक्षणे आहेत. उलट पाणी खाली न ठिबकता पायाखालच्या मॅटमध्ये मुरत असेल तर निचऱ्याची नळी तुंबलेली आहे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी घरघर किंवा कर्कश आवाज येत असेल, आणि एसी बंद करताच तो थांबत असेल, तर कॉम्प्रेसर किंवा त्याची पुली तातडीने तपासून घ्यावी.

आणखी एक गोष्ट शोरूममध्येच घडते. गाडी देतानाच समोर जाडजूड गार्ड, किडे अडवणारी बारीक जाळी, जादा हॉर्न आणि दिवे बसवून दिले जातात. हे सगळे नेमके कंडेन्सरसमोर येते आणि त्याचा वारा अडतो. ज्या विक्रेत्याने ते बसवले, त्याच्याच सर्व्हिस सेंटरने पुढे ‘बाहेरचे काम झाले आहे’ म्हणून वॉरंटी नाकारावी, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

विजेच्या गाड्यांबद्दल थोडेसेच लिहितो. त्यांचा कॉम्प्रेसर मुख्य बॅटरीवर चालतो आणि बहुतेक नव्या गाड्यांत तेच चक्र बॅटरीही थंड ठेवते. म्हणून जलद चार्जिंगच्या वेळी केबिनचा गारवा कमी होऊ शकतो, आणि इंजिनाचा आवाज नसल्याने कॉम्प्रेसरची गुणगुण अधिक ऐकू येते. या कॉम्प्रेसरना विद्युतरोधक तेल लागते. पेट्रोल गाडीचे नेहमीचे तेल त्यात गेले तर कॉम्प्रेसर निकामी होण्याबरोबरच शॉकचाही धोका असतो, त्यामुळे नाक्यावरच्या गॅरेजमध्ये त्यात गॅस भरून घेण्याच्या भानगडीत पडू नये.

गळती न शोधता गॅस भरत राहण्याची किंमत ग्राहकापुरती थांबत नाही. आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांत असलेला आर-134ए हा वायू ओझोनला अपाय करत नसला, तरी वातावरण तापवण्याच्या बाबतीत तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. अशा वायूंचा वापर घटवण्यासाठी 2016 मध्ये किगाली (रवांडा) येथे मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारात झालेल्या दुरुस्तीला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली आहे. तरीही अनेक गॅरेजांत गॅस परत घेण्याचे मशीन नसते आणि तो सरळ हवेत सोडला जातो.

ग्राहकांनी आपल्या परीने एक गोष्ट करावी. स्वयंपाकघरात वापरतात तसला सळईचा थर्मामीटर मधल्या जाळीत ठेवावा, गाडी मोकळ्या जागी सावलीत उभी करून दारे उघडून आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी, मग काचा लावून हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण, सर्वांत कमी तापमान आणि ब्लोअरचा मध्यम वेग ठेवून दहा मिनिटांनी आकडा टिपावा. त्यासोबत बाहेरचे तापमानही लिहावे. हे बंद गॅरेजमध्ये कधीही करू नये, इंजिनाचा धूर जिवावर बेततो. जॉब कार्डवर ‘एसी चेक करणे’ एवढेच न लिहू देता ‘दुपारी आयडलवर जाळीत अमुक अंश, बाहेर अमुक अंश’ अशी आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि तोंडी आश्वासनावर गाडी ताब्यात घेऊ नये. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्याआधीच दाद मागता येते. परंतु आयोगासमोर उत्पादनातला दोष सिद्ध करायचा असतो, तेव्हा ‘तपासले, ठीक आहे’ असे शेरे असलेली जॉब कार्डे ग्राहकाच्याच विरुद्ध उभी राहतात. आकडे असलेली जॉब कार्डे त्याच्या बाजूने बोलतात.

कंपन्यांकडून अपेक्षा अशी, की डिलिव्हरीपूर्व तपासणीच्या कागदावर एसी या शब्दापुढे नुसती बरोबरची खूण न करता जाळीतले तापमान आणि बाहेरचे तापमान लिहिण्याचा रकाना ठेवावा, आणि एसीच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर किती गॅस निघाला, किती भरला व गळती कुठे सापडली याची नोंद ग्राहकाला द्यावी. यासाठी लागणारी यंत्रे अधिकृत केंद्रांकडे बहुधा आधीपासूनच असतात.

आणि आपल्याकडे, संपादक महोदय, एक विनंती आहे. वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर नव्या गाडीचे परीक्षण छापताना मायलेज, डिकीची जागा, पडद्याचा आकार यांचे आकडे आवर्जून दिले जातात. एसीबद्दल मात्र ‘उत्तम कूलिंग’ एवढ्यावर भागवले जाते. यापुढे परीक्षणासाठी आलेली गाडी भर दुपारी उन्हात तासभर उभी करून, आयडलवर आणि मग चालत्या गाडीत, पुढच्या व मागच्या जाळीतले तापमान आपल्या प्रतिनिधीने मोजावे आणि ते चारही आकडे बाहेरच्या तापमानासह छापावेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला गाडी निवडताना त्यांचा थेट उपयोग होईल आणि पुढे तक्रार घेऊन गेल्यावर दाखवायला छापील आधारही मिळेल.

आपला नम्र,
एक वाचक, नागपूर